माळ्यावरचं तबक

"गजू, ह्या वर्षी मी चंद्राला ओवाळणार नाही. आधीच सांगून ठेवते."

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी सहाला आक्काचा फोन. उठलास का, चहा झाला का, काही विचारणं नाही; एकदम हेच.

"अगं, येतोय की मी. दुपारच्या जेवणाला तुझ्यासमोर पाटावर बसलेला असेन."

"गेल्या वर्षी पण पाटावरच बसणार होतास."

"ह्या वेळी तसं नाही. तुझी शपथ."

"शपथा नकोत. माझ्या नावाच्या शपथा तुझ्याकडे पोत्याने पडल्यात." मग तिचा आवाज खाली आला. "ऐक. संध्याकाळी कोर मावळायच्या आत आलास तर तुला ओवाळेन. नाही आलास तर तबक माळ्यावर टाकते आणि पुन्हा खाली काढत नाही. एक्कावन्न वर्षांची झाले मी. उपाशीपोटी दाराकडे डोळे लावून बसणं आता होत नाही माझ्याने."

आणि फोन ठेवला तिने.

पाच वर्षं झाली ह्याला. भाऊ आला नाही तर बहिणीने चंद्राला भाऊ मानून ओवाळायचं, ही आपल्याकडची जुनी सोय. कुणाचा भाऊ परमुलखात, कुणाला भाऊच नाही, त्यांच्यासाठी. आमच्या आक्काला भाऊ होता. धडधाकट होता, कराडपासून दोन तासांवर मिरजेत होता. तरी मागच्या पाच वर्षांत चारदा तिने गच्चीवर जाऊन आभाळातल्या त्या बारीक कोरीला ओवाळलं होतं. पाचव्या वेळी माझा भरवसा नाही म्हणून ती स्वतःच तबक घेऊन मिरजेला आली होती, तेव्हा मी घरी नव्हतो. तिला आणायला स्टँडवर जातो म्हणून निघालेला मी वाटेत एका ओळखीच्या माणसाची बंद पडलेली मोटारसायकल उघडून बसलो होतो.

माझा धंदा पेटी दुरुस्तीचा. पेटी म्हणजे हार्मोनियम. पंचक्रोशीतली भजनी मंडळं, शाळा, गाण्याचे क्लास, सगळ्यांच्या पेट्या माझ्याकडे. गजाननच्या कानाला तोड नाही, असं लोक म्हणतात. त्याच दमात हेही म्हणतात की घाई असेल तर त्याच्याकडे टाकू नका. त्या दिवाळीत माझ्या दुकानात अकरा पेट्या उघड्या पडल्या होत्या. एकीचा भाता निघालेला, एकीच्या पट्ट्या डब्यात, एक तर कुणाची आहे हेच मला आठवत नव्हतं. भजनी मंडळाचे म्हातारे येऊन जायचे, आधी गोड बोलायचे, मग तोंड फिरवायचे.

दुकानामागेच राहायची खोली. आई-अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंदा, माझी बायको, तीन वर्षं राहिली. भांडण असं काही नव्हतं. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही वाईट नाही हो. पण मी घरात आहे हे तुमच्या लक्षात तरी असतं का?" मी उत्तर शोधत होतो तोवर रिक्षा निघून गेली. तेव्हापासून घरात बोलायचं म्हटलं तर आक्काचा फोन, आणि जायचं म्हटलं तर आक्काचं दार. दुसरं कुणी नव्हतं. ते दार आज संध्याकाळी बंद होणार होतं.

पण मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. आदल्या रात्री घड्याळाला दोन गजर लावले होते. पाचला उठलो होतो. अंघोळ, धुतलेला सदरा, गाडीत पेट्रोल. आणि ओवाळणीत काय घालायचं हे तर महिन्याआधीच ठरलं होतं. आक्काचीच पेटी.

ती पेटी मुळात अण्णांची. आक्का तिच्यावर शिकली, लग्नात अण्णांनी तिलाच दिली. चार वर्षांपूर्वी भाता फुटला म्हणून मी ती मिरजेला आणली. "आठ दिवसांत देतो," म्हणालो. चार वर्षं झाली. आक्काने पहिल्या वर्षी दहादा विचारलं, दुसऱ्या वर्षी दोनदा, मग विचारणंच सोडलं. पण आता ती खरोखर तयार होती. नवा भाता, नवं पॉलिश. महिनाभर मी दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता, म्हणून तर बाकीच्या अकरा तशा पडलेल्या.

आठ वाजता मी शहाणपणा केला. पेटी न्यायचा लाकडी खोका आधीच गाडीच्या मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधला. म्हणजे विसरायला नको. आता आत जायचं, पेटी उचलायची, खोक्यात ठेवायची, निघायचं.

आत आलो. उचलण्याआधी म्हटलं एकदा वाजवून बघू. नुसता एकदा सा ते सा.

कोमल निषाद किंचित उतरलेला होता.

दुसऱ्या कुणाला कळला नसता, पण आक्काला कळला असता. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक बारीक पट्टी. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. दोन मिनिटांचं काम. मी ती काढली, कानशीने दोनदा घासली, लावली, वाजवली. आता थोडा चढा झाला. पुन्हा काढली. पुन्हा घासली. छान लागला. पण तो छान लागल्यावर शेजारचा शुद्ध निषाद मैला वाटायला लागला. आजवर तो कधी खटकला नव्हता, आता खटकला.

फोन वाजला. आक्का. "निघालास?"

"निघालोच."

खोटं बोलत नव्हतो हो मी. माझ्या मनाने मी निघालेलोच होतो, चप्पल पायात होती. निषाद झाला, मग धैवत. धैवतावरून पंचमाकडे. पुन्हा एकदा फोन वाजल्याचं आठवतं. "हो, हो, निघालो," म्हणालो आणि फोन कुठे ठेवला कुणास ठाऊक. भूक लागल्याचं आठवत नाही. उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली तेही दिसलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वेळात मी सुखात होतो. तेच तर. माझ्या आयुष्यात तेवढाच वेळ असा असायचा की डोक्यात दहा रेडिओ एकदम लागलेले नसायचे.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली म्हणून मान वर केली. भिंतीवर घड्याळ. पाच वाजून पाच मिनिटं.

वाटलं घड्याळ बिघडलं. मग दाराबाहेर बघितलं, सावल्या लांब गेलेल्या. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर आक्काच्या पेटीचे सगळेच्या सगळे सूर काढून मांडलेले. मी तसाच पळत बाहेर आलो, गाडीवर खोका बांधलेला दिसला, किक मारली आणि सुटलो.

इस्लामपूरच्या पुढे दिवस मावळला. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो तेव्हा डाव्या हाताला ती कोर दिसली. नखाएवढी, खाली उतरत चाललेली. भाऊबीजेची कोर काही रात्रभर थांबत नाही, तासाभरात जाते. मी गाडीवर एकटाच तिच्याशी बोलत होतो. "थांब गं बाई. दहा मिनिटं थांब. आजच्या दिवस थांब." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वाऱ्यामुळे येतंय असं मी मला सांगत होतो. कराडच्या अलीकडे ती डोंगराला टेकली. एका ट्रकला बाजू देऊन पुन्हा बघितलं तर नुसता डोंगर.

दाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते ते. निवृत्त झाले तरी मनगटावरचं घड्याळ झोपतानाही काढत नसत.

"सात वाजून अठरा मिनिटं," ते म्हणाले.

"आक्का?"

"साडेसहापासून गच्चीवर होती. तबक घेऊन, निरांजन लावून. मी म्हटलं ओवाळ आता, जाईल ती कोर. नाही म्हणाली. कोर जाईपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग खाली आली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आत जा. मला काही विचारू नकोस."

आक्का ओट्यापाशी होती. मागे वळून बघितलं नाही.

"हातपाय धुऊन घे. वाढते."

आवाजात राग नव्हता, आणि तिच्या रागाची मला इतकी सवय की तो मलाच मागावा लागला.

"आक्का, शिव्या दे की."

"कशाला?"

"ओवाळणार नाहीस?"

"तबक माळ्यावर गेलं."

"तू जेवलीस?"

"जेवेन आता."

म्हणजे सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण एक पत्ता शिल्लक होता माझ्याकडे. "थांब," म्हटलं, "आधी बाहेर ये. तुझ्यासाठी काय आणलंय ते बघ. मग काय बोलायचं ते बोल."

मी पळत गेलो, दोरी सोडली, खोका उचलला. उचलतानाच हाताला कळलं, पण तोवर आक्का सोप्यात येऊन उभी राहिली होती आणि दाजीही आत आले होते. मी खोका तिच्यासमोर ठेवला. झाकण उघडायला हात होईना. तिनेच उघडलं.

आत तळाला अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा होता, पेटीखाली अंथरायचा. बस.

दाजी आधी हसले. खो खो हसले. मग आक्काकडे बघून गप्प झाले.

आक्का वाकली. तो धोतराचा तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि खोक्याशेजारी फरशीवरच बसली.

"गजू," ती म्हणाली, "तुला काय होतं रे?"

आता हे ऐका. 'असं का करतोस', 'लाज वाटत नाही का', 'डोकं कुठे असतं तुझं', हे मला जन्मापासून विचारत आले होते लोक. मास्तरांनी विचारलं, अण्णांनी विचारलं, मंदाने विचारलं. त्याला माझं उत्तर पाठ होतं: चुकलं, पुन्हा नाही होणार. पण काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो ते थांबेना. पाचचे गजर सांगितले. आधीच बांधलेला खोका सांगितला. कोमल निषाद, शुद्ध निषाद, धैवत. "मी निघालोच होतो गं," म्हटलं. "चप्पल घालून बसलो होतो. तू माझ्यासाठी किती आहेस हे मला माहीत आहे, रोज माहीत असतं, फक्त नेमक्या वेळेला ते कुठे जातं ते मला सापडत नाही. मला भीती वाटते आक्का. मला माझीच भीती वाटते." चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, दाजींसमोर ढसाढसा रडलो.

आक्का उठून आत गेली, शाळेची पिशवी घेऊन आली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. पिशवीतून तिने घडी घातलेला एक कागद काढला.

"गेल्या महिन्यात आम्हाला प्रशिक्षण होतं," ती म्हणाली. "ज्या मुलांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही त्यांच्याबद्दल. शिकवायला आलेल्या बाईंनी हा कागद दिला, वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणा आणि भरा म्हणाल्या. माझ्या वर्गात रिद्धी म्हणून आहे, मी तिचा भरायला घेतला. चौथ्या वाक्यापर्यंत रिद्धी होती. पुढे तूच यायला लागलास."

मी कागद घेतला. वीसेक वाक्यं. सुरू केलेलं काम अर्धवट राहतं. वस्तू हरवतात. समोरचा बोलत असताना लक्ष भलतीकडे जातं. वेळेचा अंदाज येत नाही. आवडीच्या कामात बुडाला की हाक ऐकू येत नाही. प्रत्येक वाक्यापुढे आक्काच्या सुवाच्य अक्षरात बरोबरची खूण, आणि वर नावाच्या जागी 'रिद्धी' खोडून 'गजू'.

"हे पोरांचं आहे," मी म्हटलं.

"मी विचारलं बाईंना. म्हटलं, चव्वेचाळिशीच्या माणसाला असतं का? त्या म्हणाल्या, कितीतरी जण असंच घेऊन मोठे होतात, कुणी ओळखलेलंच नसतं. पण ह्या कागदावरून काही ठरत नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी नीट तपासलं पाहिजे."

"कसले डॉक्टर? वेड्यांचे?"

"मनाचे." ती माझ्याकडे बघत राहिली. "महिनाभर हा कागद पिशवीत घेऊन फिरतेय मी. तुला सांगायचा धीर होत नव्हता. आज आलास तर सांगायचा नाही आणि नाही आलास तर फाडून टाकायचा, असं ठरवलं होतं."

"का?"

"आलास म्हणजे तुला काही झालेलं नाही. नाही आलास म्हणजे तुला मी नकोय." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मला वाटायचं तू माझ्यावर डूख धरलायस. मी लग्न करून निघून आले, आई-अण्णांचं सगळं तुझ्यावर पडलं. पेटी नेलीस ती चार वर्षं दिली नाहीस. मी म्हटलं, द्यायचीच नाही ह्याला. अण्णांची वस्तू आहे, हक्काची वाटत असेल."

"अगं आक्का!"

"मग काय समजू? सांग ना, काय समजू मी?"

दाजींनी मध्येच खाकरून जेवायची आठवण केली. आम्ही तिघं जेवलो. बासुंदी होती, ती कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. निघताना मी माळ्याकडे बघितलं. आक्काच्या लक्षात आलं.

"आज नाही," ती म्हणाली. "आज ओवाळलं तर उद्या तू सगळं विसरशील आणि मीही विसरेन. ते तबक तिथेच राहू दे. पुढच्या भाऊबीजेला तूच काढायचंस. तोवर त्या डॉक्टरांकडे जाऊन ये."

सांगलीच्या डॉक्टरांकडे मी दोनदा वेळ घेतली आणि दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा आक्का रजा टाकून आली आणि दंडाला धरून घेऊन गेली. त्यांनी तिलाच जास्त विचारलं, लहानपणी कसा होता, शाळेत कसा होता. आक्काने माझी जुनी प्रगतिपुस्तकं नेली होती. पहिलीपासून नववीपर्यंत मास्तर बदलले, शेरा तोच: हुशार आहे, पण लक्ष नसते. डॉक्टरांनी तीन भेटी घेतल्या, मग त्याला एडीएचडी म्हणतात असं सांगितलं. आळस नाही, वेड नाही, मेंदूची ठेवणच तशी. गोळी दिली. वर म्हणाले, "गोळीने मदत होईल, पण दिवसाची घडी गोळी बसवून देत नाही. ती शिकावी लागते. त्यासाठी कोच असतात."

"कोच? ते खोखोचे असतात ना?"

डॉक्टर हसले. एक नंबर दिला.

वर्तक मॅडम पुण्याच्या. दर बुधवारी फोनवर, समोर चेहरा दिसेल असा. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "मॅडम, माझ्याकडून काही व्हायचं नाही. बड्या बड्यांनी हात टेकलेत."

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, आजवर तुमचं एखादं मोठं काम वेळेत पुरं झालंय?"

"नाही."

"एकही नाही? आठवून बघा."

बराच वेळ आठवलं. "दहावी," म्हटलं. "दहावीला पास झालो मी. बासष्ट टक्के. सगळ्या गावाला आश्चर्य."

"त्या वर्षी काय वेगळं होतं?"

"काही नाही. तेच घर, तेच मास्तर."

"तुम्ही अभ्यासाला कुठे बसायचात?"

"माजघरात. आक्का बसायची समोर."

"ती शिकवायची?"

"छे! बोलायची पण नाही. आईने कापूस दिलेला असायचा, वाती वळत बसायची. मी उठलो की नुसती बघायची. मी परत बसायचो." मला हसू आलं. "मला वाटायचं माझ्यावर पहारा ठेवलाय."

"आणि मग?"

"मग काय? त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. अकरावीला मी नापास."

हे बोललो आणि थांबलो. पुढच्या खोलीत अकरा पेट्या उघड्या पडल्या होत्या, त्या मला दारातून दिसत होत्या. अठ्ठावीस वर्षं मी एकटा बसून जे करू बघत होतो ते मला एकट्याने कधीच आलेलं नव्हतं, एवढंच मला त्या बुधवारी कळलं.

पुढे आम्ही तीच पद्धत केली. रोज सकाळी दहा ते बारा फोन टेबलाला टेकवून ठेवायचा. मॅडमकडे शिकणारे तीन-चार जण आळीपाळीने पलीकडे असायचे, कुणी हिशेब लिहितोय, कुणी कपड्यांच्या घड्या घालतेय, सगळे आपापल्या खोलीत एकेकटे. बोलायचं नाही. कुणीतरी आहे, एवढंच. आणि एक कडक नियम: पेटी जुळवायचं काम बाराच्या गजराला थांबवायचं, कान काहीही म्हणो. पहिले दोन महिने मी मॅडमना मनात शिव्या घातल्या. चारदा सोडून दिलं, चारदा परत गेलो. सहा महिन्यांत सात पेट्या घरोघर पोचल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. मंदाला एकदा पत्र टाकलं, तिचं दोन ओळींचं उत्तर आलं, बरं वाटलं म्हणून. रात्री घर तसंच रिकामं असायचं.

पुढच्या भाऊबीजेला मी कराडला पोचलो तेव्हा दाजी अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग घड्याळ कानाला लावून बघितलं.

"चार वाजून पाच मिनिटं," ते ओरडले. "अगं ए! गजू आलाय!"

"कोण?" आक्का बाहेर आली ती डोक्याला पंचा गुंडाळून. नुकतीच न्हालेली. "अगं बाई! आत्ताच? अजून बासुंदी आटायचीय, वाती करायच्यात, माझं काहीच झालेलं नाही! फोन तरी करायचास मेल्या!"

"परत जाऊ?"

"जाऊन तर बघ."

दाजींनी स्टूल धरलं, मी माळ्यावर चढलो. तबक कोपऱ्यात, पालथ्या परातीमागे होतं. वर्षाची धूळ. निरांजनात गेल्या वर्षीची वात तशीच होती, शेवटपर्यंत जळून काळी पडलेली. मी ते आक्काच्या हातात दिलं. तिने वात काढली, तबक घासलं, आणि मग ती कापूस घेऊन वाती वळायला बसली. मी तिच्यासमोर बसलो.

ओवाळून झाल्यावर मी खोका पुढे केला. ह्या वेळी उचलतानाच तिला कळलं. पेटी बाहेर काढली, भात्यावर हात ठेवला, सावकाश सा ते सा वाजवलं. कोमल निषादाशी जरा थांबली. तो किंचित चढा आहे. बाराच्या गजराला मी तसाच सोडला होता. आक्काने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि ती पुढे वाजवत राहिली.

सात वाजायला आले तशी ती उठली. निरांजनात पुन्हा तूप घातलं, तबक उचललं.

"आता कुठे?"

"गच्चीवर. चल."

"अगं, मी आलोय की! मला ओवाळलंस ना आत्ता?"

"तुला ओवाळलं रे," जिना चढता चढता ती म्हणाली. "पण गेल्या वर्षी मी त्याला तसाच पाठवला. इतकी वर्षं बिचारा तोच वेळेवर यायचा."

वर वारा होता. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि निरांजन विझू नये म्हणून दोन्ही हात आडवे धरले.